ब्लँकेटचा समोसा होऊ नये म्हणून

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निफाडची थंडी, वडील सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसतात, त्यांच्या मांडीवर टाकायला एक साधं, उबदार क्रोशाचं ब्लँकेट करायचं आहे. सुई हातात धरून जेमतेम महिना झालाय. दोनदा सुरुवात केलीत. पहिलं वीसेक ओळींत निमुळतं होत समोशासारखं झालं, दुसऱ्याची खालची कड आकसून केळ्यासारखी वळली. म्हणून विचारताय, सगळ्यात सोपं डिझाइन कोणतं आणि लोकर कुठली, किती घेऊ?

डिझाइनचं उत्तर एका ओळीत देते: सगळीकडे अर्धा खांब (मध्यम उंचीचा क्रोशाचा टाका, कसा घालायचा ते खाली सांगते), सरळ जायचं, सरळ यायचं, बास. पण तुमची अडचण डिझाइनची नाहीच. तुम्ही लिहिलंय की लोकर नेव्ही ब्लू आहे आणि सुई आईची जुनी, स्टीलची. मला तिथेच उलगडा झाला. गडद लोकर आणि बारीक सुई म्हटल्यावर टाका डोळ्याला दिसतच नाही. दिसत नाही म्हणून मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही म्हणून दर ओळीला कडेचा एखादा टाका गळतो. शंभराचे चौऱ्याऐंशी होईपर्यंत कळत नाही. घरी क्लास घेते त्याला आता २२ वर्षं झाली, आणि पहिलं ब्लँकेट अर्ध्यात सोडून आलेल्या दहाजणींपैकी आठजणींचं हेच असतं. नवीन नमुना शोधून हे सुटत नाही. टाका दिसेल अशी लोकर आणि सुई घेतली की सुटतं.

आधी सुई. आईची सुई रुमाल, तोरण, ताटावरची जाळी अशा सुती दोऱ्याच्या कामाची. तिची जाडी एक-दीड मिलिमीटर. लोकरीत ती घातली की दोऱ्याचे पदर फाटतात, अर्धा दोरा आत राहतो आणि अर्धा बाहेर. तुम्हाला ५ मिलिमीटरची सुई हवी, ॲल्युमिनियमची किंवा रबरी मुठीची. दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटरच सांगा. स्टीलच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, जाड सुयांना काही कंपन्या इंग्रजी अक्षरं देतात, आणि दुकानदार आपल्या सवयीने तिसरंच काहीतरी काढून देतो. मिलिमीटर सगळीकडे सारखे.

लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत आणि फिकट रंगाची घ्या. मोतिया, लिंबू, आकाशी, राखाडी, काहीही चालेल. काळा, नेव्ही ब्लू, मरून हे रंग तिसऱ्या ब्लँकेटला घ्या. वेष्टनावर सुईचं छोटं चित्र असतं आणि शेजारी आकडा. तिथे ४.५ ते ५.५ लिहिलं असेल तर ती तुमची लोकर. मखमली लोकर हाताला इतकी लुसलुशीत लागते की दुकानात मोह होतोच, पण तिच्यात टाका बोटांनी चाचपून शोधावा लागतो आणि उसवताना ती झडते. केसाळ लोकरीचंही तेच.

कशाची घ्यायची हे मात्र परिस्थितीवर आहे. आपल्याकडे दुकानात सरसकट जिला लोकर म्हणतात ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. तिच्यात वाईट काही नाही. स्वस्त, मशीनमध्ये धुता येते, कसर लागत नाही. पण वडील सकाळी शेकोटीजवळ बसतात का, हे आधी विचारा. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. खरी मेंढीची लोकर सहज पेट घेत नाही, पेटली तरी काळी पडून राख होते. शेकोटी रोजची असेल तर खर्च करून खरी लोकर घ्या, मग ती थंड पाण्यात हाताने धुवावी लागेल, उन्हाळ्यात नीट बांधून ठेवावी लागेल, आणि काहींना ती टोचते तेही सहन करावं लागेल. वेष्टन नसलेली लोकर ओळखायची असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला आणि चुरडली जाणारी राख झाली तर लोकर. कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. सुती दोरा निफाडच्या थंडीत नको, तो जड होतो आणि अंगाला गार लागतो. मुंबई-कोकणात तोच बरा.

आता किती घ्यायची. इथे बहुतेकजणी अंदाजपंचे चार गुंडे घेतात आणि शेवटी रडतात. एकच गुंडा घ्या, २५ टाक्यांच्या १५ ओळी विणा आणि तो तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. माझ्या हाताने मध्यम लोकरीत ५ मिलिमीटरच्या सुईवर हा तुकडा साधारण १८ बाय १५ सेंटिमीटर होतो, म्हणजे २७० चौरस सेंटिमीटर, आणि भरतो १४ ग्रॅमच्या आसपास. मांडीवर घ्यायचं ब्लँकेट ९० बाय ११० सेंटिमीटर पुरे. म्हणजे ९,९०० चौरस सेंटिमीटर. भागिले २७०, गुणिले १४, झाले सुमारे ५१३ ग्रॅम. वर किनार आणि टोकांसाठी दहा टक्के धरा, ५६५ होतात. शंभर ग्रॅमचे सहा गुंडे लागतील. सातवा घ्याच, उरला तर टोपी होते. तुमचा हात घट्ट असेल तर आकडे वेगळे येतील, म्हणून माझे आकडे उचलू नका, रीत उचला.

तो तुकडा एका कोपऱ्याला धरून उचला. पापडासारखा ताठ उभा राहिला तर सुई अर्ध्या मिलिमीटरने वाढवा. घट्ट विणलेलं ब्लँकेट मजबूत असतं खरं, पण ते पायपुसणं होतं, अंगावर पडत नाही. लोकरीत अडकलेल्या हवेमुळे ऊब येते, त्यामुळे अगदी जाळीदारही नको. अर्धा खांब मी सुचवते तो यासाठीच. मुक्या खांबापेक्षा, म्हणजे सगळ्यात बुटक्या टाक्यापेक्षा, मऊ आणि भराभर होतो, त्याहून उंच असलेल्या पूर्ण खांबासारख्या फटी पडत नाहीत.

राहिलेले सहा गुंडे एकाच खेपेला घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, पहिल्या गुंड्याचाच आहे ना ते बघा. माझ्या धाकट्या जावेसाठी केलेल्या ब्लँकेटला शेवटचा गुंडा मी दोन महिन्यांनी आणला. दुकानात शेजारी धरला तर तोच बदामी. घरी उन्हात बघितलं तर खालच्या बाजूला वीतभर पट्टा वेगळाच. जाऊबाई अजून म्हणतात, "वहिनी, ही तुमची साडीची किनार ना?"

विणायला बसण्याआधी नावांचा घोळ मिटवू, कारण तुम्ही व्हिडिओ बघून शिकताय. अमेरिकन आणि ब्रिटिश नावं एकच, पण टाके वेगळे. अमेरिकन बाई ज्याला डबल क्रोशे म्हणते तो आपला पूर्ण खांब. ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. आपल्याकडची जुनी इंग्रजी पुस्तकं बहुधा ब्रिटिश पद्धतीची, यूट्यूबवर बहुतेक सगळं अमेरिकन. दोन्ही मिसळलं की निम्म्या उंचीचं ब्लँकेट होतं. मराठीतही प्रत्येक बाईची नावं थोडी वेगळी असतात, म्हणून मी अर्धा खांब कशाला म्हणते ते सांगते: सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई टाक्यात घालून दोरा ओढून आणायचा, सुईवर तीन फास दिसतील, पुन्हा दोरा घेऊन तिन्हींतून एकदम बाहेर काढायचा. व्हिडिओत सुईवर तीन फास दिसले आणि ते एका दमात संपले, तर नाव काहीही असो, टाका तोच.

सुरुवातीची साखळी. तुमचं दुसरं ब्लँकेट वळलं ते हिच्यामुळे. नवशिक्या हाताची साखळी नेहमी घट्ट असते, वरचे खांब सैल. खालची कड आखडते आणि वरचं कापड फुलतं. उपाय सोपा आहे, साखळी ६ मिलिमीटरच्या सुईने घाला आणि पहिल्या ओळीपासून ५ची घ्या. तुमच्या तुकड्यात दहा सेंटिमीटरला १४ टाके भरले तर ९० सेंटिमीटरला १२६ टाके. साखळ्या घालायच्या १२८, आणि पहिला अर्धा खांब सुईपासून तिसऱ्या साखळीत. १२६ खांब मिळतील. दर वीस साखळ्यांना एक सेफ्टी पिन अडकवा, नाहीतर शंभराच्या पुढे दारावरची बेल वाजली की पुन्हा एकपासून. दोनचार साखळ्या जास्त घातल्या तरी हरकत नाही, शेवटी उसवता येतात. कमी पडल्या तर वाढवणं कटकटीचं.

आता कड. इथे जरा थांबा, समोसा इथेच होतो.

ओळ संपली की काम वळवायचं आणि वर चढायला दोन साखळ्या घालायच्या. या दोन साखळ्यांना टाका धरायचं की नाही, यावर दहाजणी दहा मतं देतील. कुठलंही धरा, पण एकच धरा. निम्म्या ओळींत धरलं आणि निम्म्यांत नाही, तर कड कधी आत जाते, कधी बाहेर. माझ्या क्लासात मी पहिल्या ब्लँकेटला धरू देत नाही. दोन साखळ्या फक्त शिडी, त्या मोजायच्या नाहीत. मग पहिला अर्धा खांब अगदी पहिल्याच टाक्यात जातो, साखळ्यांच्या मुळाशी जो आहे त्याच्यात. इथेच हात फसतो. तो टाका साखळ्यांच्या आड दडलेला असतो, डोळा त्याला ओलांडून दुसऱ्याकडे जातो आणि एक टाका गेला. दुसऱ्या टोकाला उलटं होतं. शेवटचा खांब घातला तरी पुढे एक भोक दिसत राहतं, ते मागच्या ओळीच्या शिडीचं. नवशिकी तिथे आणखी एक खांब घालते. एका टोकाला गळती, दुसऱ्या टोकाला भर. काहींची तर बेरीज बरोबर येते आणि कड मात्र आत-बाहेर होत राहते, मग त्यांना वाटतं आपल्याला गणितच येत नाही.

म्हणून पिना. ओळीतला पहिला खांब घातला की लगेच त्याच्या डोक्यावरच्या दोन दोऱ्यांत पिन. शेवटचा घातला की त्याच्यातही पिन. काम वळवून परत आलात की पहिली सुई पिन असलेल्या टाक्यात आणि शेवटची सुई पिन असलेल्या टाक्यात. पुढे भोक दिसो की दरवाजा, तिकडे बघायचं नाही. पहिल्या दहा ओळी दर ओळीला टाके मोजा, कंटाळा आला तरी. नंतर दर पाचव्या ओळीला. दहाव्या ओळीनंतर एक गंमत होते, बोटांना तो दडलेला पहिला टाका आपोआप सापडायला लागतो. तेव्हा पिना काढल्यात तरी चालेल. माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त बँक मॅनेजर बाई शेवटच्या ओळीपर्यंत पिना लावतात. त्यांच्या कडा माझ्याहून सरळ असतात.

मावशी म्हणतात तसं छोटे चौकोन करून जोडायचं का, असंही विचारलंय. रोज एसटीने तास-दीड तास जात असाल तर जरूर करा, चौकोन पर्समध्ये मावतो. मोठ्यात मोठी कामं अशीच होतात. २०१६ साली चेन्नईत बायकांनी मिळून ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट केलं, गिनेसमध्ये त्याची नोंद आहे, तेही तुकडे जोडूनच. पण घरी बसून एकटीने करणार असाल तर पहिल्यांदा नको. चाळीस चौकोन म्हणजे दोरा लपवायची ऐंशी टोकं. चौकोन हौसेने होतात आणि मग जोडणीवाचून पिशवीत पडून राहतात. माझ्याच माळ्यावर अशा दोन पिशव्या आहेत.

चूक दिसली की उसवायचं का, हे प्रत्येकजण विचारते. चूक चालू ओळीत किंवा आदल्या ओळीत असेल तर उसवा. पाच ओळी खाली एखादा टाका फाटलेला असेल तर सोडून द्या, तो तुमच्याशिवाय कुणाला दिसणार नाही. टाक्यांची संख्या चुकली असेल तर मात्र कितीही खाली असो, उसवा, कारण ती चूक पुढे वाढत जाते. क्रोशाला एकच फास असतो, तो धरला की बाकी काही निसटत नाही. दोन सुयांच्या विणकामात उसवताना जीव जातो, इथे चहा पिता पिता होतं.

नवा गुंडा जोडताना गाठ मारून दोरा कापू नका. पहिल्या धुण्यात गाठ सुटते आणि तिथे भोक पडतं. जुन्या दोऱ्याचा शेवटचा खांब अर्धवट ठेवा, सुईवर तीन फास असताना, आणि तिन्हींतून काढताना नवा दोरा ओढा. दोन्ही टोकं वीतभर ठेवा, नंतर बोथट, मोठ्या नाक्याच्या सुईने आधी एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला ओवून लपवा.

वेळेचा अंदाज मागितलात. नव्या हाताला १२६ खांबांची ओळ बारा ते पंधरा मिनिटांची. दहा सेंटिमीटरला माझ्या दहा ओळी होतात, तेव्हा ११० ओळी म्हणजे २२ ते २७ तास. रोज तासभर बसलात तर महिन्यात होईल. तो तासही सलग नको. अर्ध्या तासाने उठा, मनगट फिरवा. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं की हात सुई आवळतोय असं समजा.

शेवटी चारही बाजूंनी मुक्या खांबाची एक फेरी घाला, कड कितीही हललेली असो, झाकली जाते. वरच्या आणि खालच्या बाजूला टाक्याला टाका, उभ्या कडांना दर दोन ओळींमागे तीन, कोपऱ्यात एकाच ठिकाणी तीन. कोपऱ्यात एकच घातलात तर तो आत मुडपतो. उभी कड झालरीसारखी फुलली तर टाके जास्त झाले, ओढली गेली तर कमी.

आणि इस्त्री लावू नका, ॲक्रिलिकला तर नाहीच. माझं पहिलं ब्लँकेट मी सपाट दिसावं म्हणून कडक इस्त्रीखाली घातलं. दोन मिनिटांत ते सपाट झालं, चकचकीत झालं आणि ओल्या पोळीसारखं लोंबायला लागलं. वितळलेले तंतू परत फुलत नाहीत. साध्या पाण्यात बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आणि दोरीवर न टाकता सतरंजीवर आडवं पसरून चारही कडा हाताने सरळ करून वाळू द्या. ओलं ब्लँकेट दोरीवर टाकलं की स्वतःच्या वजनाने लांबतं.

बहिणीला दिवस गेलेत, बाळंतविड्यात याच विणीचं दुपटं देऊ का, असंही शेवटी विचारलंय. द्या, पण पूर्ण खांबाची जाळीदार वीण नको, बाळाची बोटं फटीत अडकतात. झालर, गोंडे, मणी लावू नका, आतली टोकं नीट लपवा. ते बाळाला मांडीवर घेताना, उन्हात नेताना वापरायचं. झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ सैल पांघरूण ठेवू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा पाळण्यात टाकायला नको, हेही बहिणीला सांगा.

नेव्ही ब्लू लोकर फेकू नका, किनारीला ती छान दिसेल, तोपर्यंत तुमचे डोळे आणि हात तयार झालेले असतील. फक्त आधी जाडी जुळते का बघा. आईची सुईही जपून ठेवा, तशा जुन्या सुयांचं टोक कसं गुळगुळीत झालेलं असतं. फिकट लोकरीच्या पहिल्या दहा ओळी झाल्या की फोटो टाका. मधल्या भागाचा नको, दोन्ही कडांचा, पिना न काढता.